ठिपकेदार आयांचे तांबडे मुलगे

अमावस्या, उतारे, नजर... असल्या गोष्टींना मी कधी भीक घातलेली नाही. म्हणूनच हे लिहिताना भीती वाटत नाही, संताप येतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मंगळवार पेठेत खोली घेऊन मी एम.एस्सी. करत होते. प्रोजेक्टला फळमाश्या होत्या. त्यांच्या डोळ्यांना तांबडा रंग देणारा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. माझ्या माश्यांत तो धडधाकट होता, फक्त जागा बदललेली — क्रोमोसोमच्या गच्च गुंडाळलेल्या भागाला खेटून. त्या शेजारामुळे काही पेशींत तो गप्पच बसायचा. म्हणून डोळे ठिपकेदार, तांबड्यात पांढरे ठिपके, पिढ्यानपिढ्या.

माश्यांचं खाद्य आम्हीच शिजवायचो, मक्याचं पीठ आणि गूळ घालून. त्या खेपेला गूळ बाबांनी गावाकडच्या, गारगोटीच्या गुऱ्हाळातून आणलेला. त्यावर वाढलेल्या एका बाटलीतल्या माश्या मायक्रोस्कोपखाली घेतल्या... माद्या सगळ्या ठिपकेदार. नर सगळे तांबडेलाल. एकाच्याही डोळ्यात ठिपका नाही.

मैत्रीण सुजाता म्हणाली, "अगं, लिंबू उतरून टाक की बाटलीवरनं." आम्ही दोघी हसलो. आमचे गाईड सर हसले नाहीत.

"गुऱ्हाळाचा गूळ आणलास न्हवं? वासानं बाहेरच्या माश्या शिरल्या. बेफिकीर काम हाय हे."

"सर, बाहेरचा नर शिरला असता तर त्याच्या धडधाकट एक्समुळे मुली तांबड्या झाल्या असत्या. मुलग्यांना एक्स आईकडूनच मिळतो. आणि आया सगळ्या ठिपकेदार होत्या."

"तू शिकवणार व्हय मला?"

बाटली त्यांनी माझ्यासमोर साबणाच्या पाण्यात रिकामी केली. प्रोजेक्टवर शेरा मारला — काम निष्काळजीपणाचं. पीएच.डी.ला घ्यायला मग कुणी तयार होईना.

बाटली ओतली त्याच दिवशी, त्याच ढेपेचा गूळ, आधीच वेगळ्या काढलेल्या त्याच आया, तेच तापमान ठेवून मी पुन्हा पैदास सुरू केली होती. सगळी पिल्लं ठिपकेदार. उष्णतेनं ठिपके कमी होतात, मान्य. पण एकाच बाटलीत ऊब काय फक्त नरांनाच लागली? आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. मलाही नाही. सरांनीही तेवढंच म्हणायचं होतं की, "माहीत नाही."

सगळ्यात जास्त राग येतो तो बाबांकडे बघून. त्यांना कितीदा समजावलं, पण त्यांच्या गुळानंच पोरीचं वाटोळं झालं हे त्यांच्या डोक्यातून जात नाही. अजूनही मी माहेराहून निघताना ते गुळाचा खडा कागदात बांधतात आणि हातात देण्याआधी विचारतात, "चालंल न्हवं?"