वांगं आणि विजेची जाळी

ग्रिलच्या तापलेल्या जाळीवर तळहात आडवा धरून शेजारचे भाऊ क्षणभर थांबायचे आणि मान हलवायचे. "ताप हाय, जाळ न्हाई." भोसरीतल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत होती, त्यामुळे हे वाक्य मला घरबसल्या ऐकू यायचं.

ते लातूरकडचे. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये भट्टीवर कामाला. दिवसभर लोखंड लालबुंद करायचे आणि घरी आल्यावर एक वांगं भाजता येत नाही म्हणून चिडायचे.

त्याला कारण वहिनींचा दमा. घरात धूर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गॅसवर वांगं धरलं तरी साल करपताच त्यांना ढास लागायची. अंगण नव्हतं, गच्चीला घरमालकाचं कुलूप. दुखण्यापायी वहिनींची जेवणावरची वासनाच उडाली होती. मागायच्या ते फक्त भरीत.

म्हणून विजेचा ग्रिल आला. दुकानदाराने सांगितलं होतं, अजिबात धूर नाही. ते खरंच होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला कौतुकाने बोलावलं. वांगं अर्धा तास जाळीवर पडून राहिलं, सुरकुतलं, त्याला पाणी सुटलं. तेवढ्यात ग्रिलच्या भाराने मजल्यावरचे दिवे गेले. वहिनींनी मोबाइलच्या उजेडात एक घास खाल्ला आणि हळूच म्हणाल्या, "उकडल्यावानी लागतंय."

दुसऱ्या कुणी तो ग्रिल माळ्यावर टाकला असता. यांनी वांग्याला चिरा दिल्या, तेल चोळलं, वर पाटा ठेवून दाबलं. दर रविवारी नवा प्रयोग, आणि दर रविवारी आमचे दिवे गुल. त्यावर पापड छान भाजले जात, पाव खरपूस होई, हे मी नाकारत नाही. पण वांग्याची साल काही जळेना.

एकदा अर्धी दाढी झालेली असताना अंधार झाला आणि माझा तोल सुटला. फेस पुसत मी त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, भाऊ, पैसे वाया गेले असं समजा. यावर भरीत होणार नाही, सोडा आता नाद.

ते चिडले नाहीत. प्लग काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती जेवत न्हाई ओ."

मी परत आलो. उरलेली दाढी तशीच राहिली.

पुढे त्यांनी राजगुरुनगरच्या पलीकडे अंगण असलेली खोली घेतली. कामावर जायला-यायला रोजचा लांबचा बसप्रवास. सामान टेम्पोत चढवताना फार खुशीत होते. अंगणाच्या टोकाला चूल मांडणार, वहिनी वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसणार, सगळं ठरलेलं.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी मी भेटायला गेलो. ते नव्हते. ओव्हरटाइमला बोलावलं होतं, मागच्या रविवारीही बोलावलं होतं.

वहिनी आणखी वाळल्या होत्या. मी म्हटलं, मी देतो भाजून, तुम्ही आत बसा. त्यांनी मान हलवली. "ते येतील की."

अंगणाच्या टोकाला तीन दगडांची चूल होती. आत काटक्या नीट रचलेल्या. दगड अजून पांढरेच होते.