शोभाला विनोद कळत नाही

वसंतभाऊजी गेले, हा फोन आला तेव्हा मी दोडके सोलत होते. फोन ठेवून आमचे हे मटकन खाली बसले. मी त्यांना पाणी दिलं आणि उरलेले दोडके सोलून घेतले. माझ्या थोरल्या दिरांना जाऊन आता महिना होत आला. पंचवटीतल्या शोकसभेत जो उठला तो त्यांचा एकेक किस्सा सांगून बसला. एवढी हसरी शोकसभा आमच्या गल्लीनं पाहिली नव्हती. शेवटी सगळे माझ्याकडे वळले, कारण अधूनमधून पुरवणीत लिहिणारी घरात मीच. 'त्यांच्यावर लिहा काहीतरी.' ठीक आहे, लिहिते.

माणूस नकलाकार होता, यात वाद नाही. गुरुजी, भाजीवाली, रिक्षावाला... कुणी घटकाभर समोर उभं राहिलं की संध्याकाळी भाऊजींच्या अंगात शिरलेलं असायचं. पण त्यांची सगळ्यात गाजलेली नक्कल माझ्या वडिलांची. वडील येवल्याचे विणकर. जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पैठणी विणली, त्यामुळे गुडघ्यात वाकून, मान पुढे काढून, एकेक पाऊल दाबत चालायचे. माझ्या लग्नात पंगती उठत असताना भाऊजी त्यांच्या मागे तसेच चालत निघाले. अख्खा मांडव हसला. वडिलांनी वळून पाहिलं, काय चाललंय ते त्यांना कळलं, आणि हात जोडून तेही हसले. मुलीच्या बापाला दुसरं काय करता येतं? मी हसले नाही. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं, शोभाला विनोद कळत नाही.

मग बारसं असो, वास्तुशांत असो, दिवाळीचा फराळ असो, 'वसंता, येवल्याचे व्याही होऊन जाऊ दे' अशी फर्माईश व्हायची. आमचे हेही हसायचे. माझ्याकडे चोरून बघत, पण हसायचे. सगळ्यात आधी हसायच्या वहिनी, म्हणजे भाऊजींची बायको. नक्कल पुरी व्हायच्या आतच त्यांचं हसू सुरू झालेलं असायचं. मला त्यांचाही राग यायचा.

एकदा मी भाऊजींना सगळ्यांसमोर सांगितलं, 'माझ्या वडिलांची नक्कल नका करू.' ते पदर खोचल्यासारखं करून, अगदी माझ्या आवाजात म्हणाले, 'माझ्या वडिलांची नक्कल नका करू...' हसून हसून लोकांची पोटं दुखली. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, याची परतफेड मी करणार. कशी ते माहीत नव्हतं.

वडील गेले त्या वर्षी आई माझ्याकडे राहायला आली होती. तेव्हाही फर्माईश झालीच. मला वाटलं, आज तरी या माणसाला लाज वाटेल. ते उठले आणि चालले. आणि आई... डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. 'अजून एकदा चाला हो,' म्हणाली. नंतर मी तिच्यावर चिडले. तुला हसू कसं येतं, म्हटलं. ती म्हणाली, 'अगं, हुबेहूब तेच. लय दिवसांनी दिसले मला.'

एकच चाल. मांडवाला तिच्यात गंमत दिसली, आईला नवरा दिसला, आणि मला दरवेळी ते जोडलेले हातच दिसत राहिले. कुणाला कशानं हसू येईल हे ज्याच्या-त्याच्या दुखण्यावर असतं, एवढंच मला इतक्या वर्षांत उमगलंय. पण आईला भाऊजी गोड वाटले म्हणून मीही त्यांना माफ करावं, असं थोडंच आहे.

दहाव्याला आम्ही सगळे गंगेवर गेलो. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कठड्यावर बसून नुसता बघत होता. पुतण्यानं सगळी वचनं देऊन झाली, आईला अंतर देणार नाही, घर विकणार नाही. ऊन चढलं. माझी नणंद कुसुमताई म्हणाली, 'शोभा, तुझ्यापाशीच अडकलंय बहुतेक. राग नाही, एवढं म्हण.' सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे पुटपुटले, 'म्हण ना. काय जातंय तुझं?'

इथून पुढचं लिहू की नको, म्हणून हा लेख मी आधी वहिनींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, 'तुझी नक्कल चारचौघांत व्हायची. माझी दार लावून व्हायची... लिही तू.'

तर मी पुढे झाले. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. पिंडासमोर हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाले, 'भाऊजी, उपाशीच राहा.'

कावळा उडून गेला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि पुढचं उरकायला घेतलं. मी वळून पाहिलं, तर वहिनींनी तोंडात पदर कोंबला होता. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याकडे नजर गेली की त्यांना आणखीच उबळ येत होती. माझ्या बोलण्यावर असं कुणी आजवर हसलं नव्हतं.

कुसुमताई लगबगीनं आली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. 'रडू दे वहिनीला,' ती सगळ्यांना म्हणाली, 'कधीची आत दाबून बसलीये.'