वयनीच्या घरातली वाट

आमच्या वाडीची वाट वयनीच्या घरातून जायची. मालगुंडच्या रस्त्यावर एसटीतून उतरायचं, तिच्या पुढच्या दाराने आत शिरायचं आणि परसदाराने वाडीत निघायचं. रस्ता होता, पण तो लांबून वळसा घालून येई. दिवसभर तिची दोन्ही दारं सताड उघडी असत. "दारं लावली तर माणसं जायची कुठून?" हे तिचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालायची वाडीत कुणाची छाती नव्हती. माझे वडील तिला वयनी म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. पुढे माझी भाचरंही म्हणू लागली.

फुकट मात्र ती कुणाला जाऊ देत नसे. "आलीस तशी कळशी भरून ठेव." "सुईत दोरा ओवून जा." "ह्या गोळ्या सकाळच्या की रातच्या, बघ जरा." पोस्टमन असो की मासळीवाली, टोल सगळ्यांना सारखा. एकदा मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला तिने नारळ सोलायला बसवलं. तो बिचारा घामाघूम, आणि ही शेजारी बसून त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतेय! हट्टी बाई, जीभ तिखट, पण तिच्यावर रुसून गेलेलं माणूस मी पाहिलं नाही.

रत्नागिरीत समाजशास्त्रात एम.ए. करताना मी प्रबंधासाठी विषय घेतला वृद्धांचं एकटेपण, आणि सोयीची म्हणून आपलीच वाडी निवडली. प्रश्नावली घेऊन वयनीसमोर बसले. घरात सोबत कोण राहतं? "कोण नाय." नवरा कधीच गेलेला, मुलगा दिलीप डोंबिवलीला. रोजच्या कामात मदत कोण करतं? पर्याय होते कुटुंबीय, पगारी माणूस किंवा कोणी नाही. वयनी हसली. "पगारी माणूस कोण ठेवतोय गो माझ्यासाठी?" मी 'कोणी नाही'वर खूण केली. त्याच बैठकीत मी तिला दोरा ओवून दिला होता, तिची कळशी भरली होती. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

एप्रिलात जयंतीला मुंबईकर मंडळी गावी आली, तेव्हा शिकलेली पोर म्हणून विहारात माझा सत्कार झाला. चार शब्द बोल म्हणाले, तर मी सुटलेच. नाव घेतलं नाही. पण "दारं उघडी टाकून कुणाची तरी वाट बघत बसलेली म्हातारी" म्हटल्यावर ती कोण, हे शेंबड्या पोरालाही कळलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी माइक ओढून घेतला आणि आईबापांना टाकणाऱ्या मुलांना धारेवर धरलं. दिलीपदादा मागे भिंतीशी उभा होता, त्याची मान खाली गेली. मला मात्र, लाज वाटते सांगायला, समाजाचं भलं केल्यासारखं वाटत होतं.

त्याच आठवड्यात तो वयनीला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. वाडी आता वळसा घालून जाते. मला कुणी काही बोललं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मध्यंतरी मी डोंबिवलीला जाऊन आले. सून चांगली, नातवंडं गोड, जेवण वेळेवर. वयनी पलंगावर बसून होती. तिने सुनेला काही काम सांगितलं नाही आणि मलाही नाही. मला राहवेना. "वयनी, चल ना परत. मी बोलते दादाशी."

"तो कुठं नको म्हणतोय? मीच नाय म्हटलं. आता परत गेले तर लोक म्हणतील, पोरानं चार दिस ठेवलीन नि घालवलीन. एकदा झाली तेवढी त्याची शोभा पुरे."

"माझं चुकलं गो, वयनी."

तिने माझा हात हातात घेतला. माझीच समजूत काढायला निघाली होती ती.

"तुझं कसलं चुकलं? एवढी शिकलेली तू. तू सांगितलंस तेव्हा म्हटलं, असेन मी एकटी. तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."