पहिली लाभार्थी

१४ डिसेंबर, रविवार. आठवड्याची भाजी निवडायला बसले होते. मेथीची जुडी अर्धी झाली असेल, तेवढ्यात मोठ्या बाईंचा मेसेज आला. मंगळवारी समुपदेशन कक्षाचं उद्घाटन, भाऊ येणार, स्त्री शिक्षकांनी निळ्या साड्या नेसाव्यात, आणि कक्षाचा एक लाभार्थी विद्यार्थी स्टेजवर तयार ठेवावा.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. ते सध्या निवडून आलेले आहेत की यायचे आहेत हे विचारायचं नसतं, बॅनरवर ते बारा महिने असतात. मी राहते डोंबिवलीत आणि शिकवते दिव्यातल्या महापालिकेच्या शाळेत, आठवीला, दुपारच्या सत्रात.

प्रत्येक शाळेत मुलांच्या मनाची काळजी घेणारा एक शिक्षक नेमावा, असं वरून आलं होतं. काळजी घेणारा म्हणजे ज्याच्या गळ्यात अजून मतदारयाद्यांचं काम पडलेलं नाही असा. तसं कोणी नव्हतंच, म्हणून मग ज्येष्ठ म्हणून मी. त्यासाठी माजिवड्याला एका हॉलमध्ये आमचं प्रशिक्षण झालं. सुटाबुटातल्या एका तरुण गृहस्थांनी आम्हाला डोळे मिटायला लावून समुद्रकिनारा आठवायला सांगितलं. माझ्या शेजारच्या कल्याणच्या बाईंनी तेवढ्यात छान झोपून घेतलं. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, पनीरचं जेवण मिळालं, आणि रडणाऱ्या मुलाशी काय बोलायचं हे कोणीही सांगितलं नाही. तसं ते फार अवघड नाही. बहुतेक वेळा काही बोलायचं नसतं. बंद होणारं एक दार, दोन खुर्च्या आणि तोंड मिटून बसू शकणारं एक मोठं माणूस, एवढ्यावर भागतं. पण एवढ्याशा गोष्टीला उद्घाटन करता येत नाही, म्हणून कक्ष.

कक्ष म्हणजे तळमजल्यावरची जुनी कोठार-खोली. खिचडीच्या तांदळाची पोती तिथे असायची, ती जिन्याखाली हलवली आणि भिंतींना गुलाबी रंग दिला. खोलीला मैदानाकडे जाळीची मोठी खिडकी आहे, आणि दार चौकटीत बसत नाही. आत कोण बसलंय हे खो-खो खेळणाऱ्या पोरांना मैदानातून दिसतं. दारावर पाटी लागली, 'मन मोकळं करा'. पहिल्याच आठवड्यात पोरांनी खोलीचं नाव 'ठाणे' ठेवलं. आमच्याकडे डोकं फिरलं की माणसाला ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात पाठवतात. दिवा स्वतः ठाणे महापालिकेत आहे, निम्म्या पोरांचे आईबाप रोज ठाण्यालाच कामाला जातात, पण त्याने काही बिघडत नाही. त्या खोलीत एकही मूल आलं नाही, याचं आश्चर्य फक्त मोठ्या बाईंना वाटलं.

लाभार्थी मात्र त्यांनी हेरून ठेवली होती. माझ्या वर्गातली एक मुलगी.

ही मुलगी जूनमध्ये नवीन आली. आधी तिच्या घरचे डोंबिवलीला औद्योगिक वसाहतीला लागून राहायचे. तिथे कंपन्या अधूनमधून फुटतात. आठवडाभर सगळे हळहळतात, मग पुढची फुटेपर्यंत शांत. अशाच एका स्फोटात हिच्या घराच्या खिडकीची काच फुटून हिच्या अंगावर आली होती. जखमा भरल्या. घरच्यांनी ती खोली सोडली आणि भाडं परवडतं म्हणून दिव्यात आले. मुलगी अभ्यासात बरी होती, गणितात तर चांगलीच होती, पण प्रत्येक तास संपायच्या वेळेला पांढरीफटक पडायची, आणि मग पाणी प्यायला म्हणून जी जायची ती अर्धा तास यायची नाही. इतर शिक्षकांनी तिला कामचुकार ठरवून टाकलं होतं. एकदा जिन्यात बसलेली सापडली तेव्हा मी तिच्या शेजारी बसले आणि तपासायच्या वह्या तपासत राहिले. तीन-चार वह्या झाल्यावर ती म्हणाली, "बाई, घंटा वाजणार, वाजणार, एवढंच डोक्यात असतं. मग तुम्ही शिकवता ते ऐकूच येत नाही."

आमची घंटा म्हणजे लोखंडी रुळाचा तुकडा. तो आठवीच्या वर्गाबाहेरच टांगलेला आहे आणि शिपाई मामा तो वैर असल्यासारखा बडवतात. मी मोठ्या बाईंना सांगितलं की घंटा पलीकडच्या टोकाला न्या, आणि का ते सांगितलं. त्या म्हणाल्या, तिथे हूक नाही. हुकाची चौकशी झाली, हुकासाठी बांधकाम विभागाला पत्र गेलं, आणि घंटा जागेवर राहिली. मग माझ्यापुरता मी मार्ग काढला. तास संपत आला की हातातली पट्टी टेबलावर उभी धरायची. तिने ती बघायची, कानांवर हात ठेवायचे, घंटा होऊन जायची. माझ्या तासांना ती बाहेर जायची थांबली. हीच गोष्ट मी बाकीच्यांना सुचवली, तर विज्ञानाचे सर म्हणाले, "मॅडम, एकीसाठी अशा खुणा सुरू केल्या तर उद्या सगळ्यांनाच भीती वाटायला लागेल." विज्ञानाचे सर.

तर रविवारी मेथी बाजूला ठेवून मी मोठ्या बाईंना फोन लावला आणि सांगितलं की त्या मुलीला स्टेजवर बसवायचं नाही.

"अहो मॅडम, फक्त गुलाब द्यायचाय. एक फोटो. लाभार्थी नसेल तर फोटो अपलोड कसा करायचा?"

मी म्हटलं, मला बसवा, मीही त्रासलेलीच आहे. त्या हसल्या. मला वाटलं विषय संपला. त्यांनी मात्र परस्पर मुलीच्या आईला फोन करून कळवलं की मंगळवारी तुमच्या मुलीचा सत्कार आहे, स्वच्छ गणवेश आणि दोन वेण्या. आईला वाटलं गणितासाठी असेल. तिने मुलीला नवी रिबन आणली आणि वेणीत अबोलीचा गजरा माळून पाठवलं.

मंगळवारी मी पोहोचले तोवर मुलगी स्टेजवर खुर्चीत बसलेली होती. मी सरळ वर जाऊन तिला उठवायला लागले, तेवढ्यात फाटकाशी भाऊंची गाडी आली, माइक सुरू झाला आणि मोठ्या बाईंनी मला दंडाला धरून ओवाळणीचं ताट हातात दिलं. भाषणं झाली. भाऊ म्हणाले की आजकालच्या पिढीचं मन नाजूक आहे, आमच्या वेळी मास्तर बडवायचे आणि आम्ही असे घडलो. कसे घडलो हे सगळ्यांना समोर दिसतच होतं. मग भाऊंनी फीत कापली, आणि कात्री बंद होते न होते तोच त्यांच्या माणसांनी स्टेजला लागून फटाक्यांची लांबलचक माळ पेटवली.

मानसिक आरोग्याच्या खोलीचं उद्घाटन आम्ही फटाके लावून केलं. शाळेचं, मंडळाचं, गटाराच्या झाकणाचं, कशाचंही उद्घाटन असलं की आमच्याकडे माळ लागतेच. कशाचं आहे हे बघून लावायची पद्धत नाही.

मुलगी टेबलाखाली गेली. सॅटिनच्या कापडाआड, गुडघ्यांत डोकं घालून, कान दाबून. माळ संपली तरी बाहेर येईना. निवेदन करणाऱ्या सरांनी माइकवर "लाजली, लाजली" म्हणून टाळ्या मागितल्या, आणि टाळ्या पडल्या. मी ताट खाली ठेवून टेबलाकडे जाईपर्यंत भाऊ वाकले होते. फोटो तर व्हायलाच हवा होता. त्यांनी कापड वर केलं, टेबलाखाली हात घातला आणि तिच्यासमोर गुलाब धरला. त्यांच्या एका माणसाने ते सगळं मोबाइलवर घेतलं. मी भाऊंना बाजूला व्हा म्हटलं आणि मुलीला बाहेर काढून माझ्या वर्गात नेलं. दार लावून आम्ही दोघी बसलो. आई न्यायला आली तेव्हा गजरा तेवढा मुलीने काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ भाऊंच्या पानावर आला. वर लिहिलं होतं, 'घाबरलेल्या लेकीला भाऊंचा आधार'. खाली जोडलेल्या हातांच्या रांगा. मोठ्या बाईंनी त्याची लिंक अभिमानाने पालकांच्या ग्रुपवर पाठवली. बुधवारी मुलगी आली नाही.

गुरुवारी तिचे वडील आले. माजिवड्याला एका सोसायटीत सुरक्षारक्षक आहेत, ड्युटी संपवून तसेच आलेले. आवाज चढवला नाही. दाखला पाहिजे म्हणाले. मुलीला गावी आत्याकडे ठेवणार. इमारतीच्या जिन्यात पोरं तिला बघून टेबलाखाली शिरायची नक्कल करतात, आणि कालपर्यंत न बोलणाऱ्या शेजारणी येऊन उतारा कसा टाकायचा ते तिच्या आईला सांगून जातात.

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं स्पष्ट दिसलं. "पालकांची इच्छा असेल तर आपण अडवू शकत नाही," म्हणत त्यांनी मला उद्या दाखला तयार ठेवायला सांगितलं. कक्षाची पहिली लाभार्थी शाळा सोडून चालली होती, आणि फोटो अपलोड झालेला होता.

मी वडिलांना बाहेर कट्ट्यावर बसवलं. गावी शाळा कितवीपर्यंत, ते विचारलं. सातवीपर्यंत. पुढची शाळा दोन गाड्या बदलून. म्हणजे मुलगी आत्याकडे भाकऱ्या थापणार आणि आत्याची पोरं सांभाळणार, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"तिथे शांत तरी आहे, बाई," ते म्हणाले.

"तुमचं गाव चिपळूणकडचं ना? आंब्याची कलमं आहेत?"

"आहेत थोडी."

"मग वानरं कशानं हाकता?"

कोकणात आता वानरं दगडाने हटत नाहीत. मोहोर आला की सकाळपासून सुतळी बॉम्ब सुरू होतात, या वाडीत थांबले की त्या वाडीत. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. इथे निदान घंटा कधी होणार हे तिला कळतं, एवढं मी म्हटलं, आणि कोणाला दाखवायचं झालं तर सिव्हिलला डॉक्टर आहेत, मी बरोबर येईन.

"सिव्हिलचं मागनं बघू," ते म्हणाले. "ती पण रडते जायचं नाय म्हणून. पण तो व्हिडिओ हाय तोवर तिला या फाटकातनं आत पाठवणार नाय. तुम्ही शाळावाल्यांनी घातलंय ते तुम्ही काढा. उद्या दुपारपर्यंत. नायतर दाखला द्या."

ही अट मला रास्त वाटली. मोठ्या बाईंना भाऊंशी बोला म्हटलं, तर त्यांना एकदम रक्तदाब आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर निघून भाऊंच्या कार्यालयात गेले. पाण्याच्या टँकरसाठी आलेल्या बायका आधीच बसल्या होत्या. शाळेची बाई म्हणून त्यांनी मला पुढे जायला सांगितलं, मी माझ्या नंबराने गेले. भाऊंनी चहा मागवला. व्हिडिओ काढा म्हटल्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं.

"उलट नाव झालं ना मॅडम शाळेचं. लोकांनी बघा किती आशीर्वाद दिलेत."

"भाऊ, मुलीचा बाप तिला शाळेतून काढतोय."

"का? आता तर कक्ष झालाय."

मुलीच्या मनाचं यांना समजावण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना समजेल असं सांगितलं. तिच्या इमारतीत सगळी एका वाडीची माणसं आहेत, बाप अजून गप्प आहे, तो बोलायला लागला तर काय बोलेल याचा तुम्हीच विचार करा. भाऊंनी इमारतीचं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी लगेच खिशातून मोबाइल काढला. कुठे दाबायचं ते त्यांना सापडेना. मी फोन त्यांच्या हातातून घेतला, व्हिडिओ काढून टाकला, ग्रुपवरची लिंक उघडत नाही याची माझ्या फोनवर खात्री केली, आणि त्यांचा फोन परत दिला. ज्या माणसाने तो घेतला होता त्याच्या फोनमधूनही समोर उभं राहून काढायला लावला. कोणी उतरवून घेतला असेल त्याला माझा इलाज नव्हता. चहा आला तोवर मी उठले होते.

बाहेर येऊन मुलीच्या वडिलांना फोन लावला आणि काढला म्हणून सांगितलं. ते स्वतः उघडून बघेपर्यंत मी थांबले.

"दुपारी पाठवतो," ते म्हणाले. "पण बाई, त्या खोलीत ती जाणार नाय."

"त्या खोलीत मीही जात नाही," मी म्हटलं, आणि शाळेच्या रस्त्याला लागले.