चौदाशेची अ‍ॅलर्जी

विनायकरावांना अ‍ॅलर्जी होती असं म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. त्यांना अ‍ॅलर्ज्या होत्या, सात. पनवेलजवळ सुकापूरला जगन नावाच्या आगरी शेतकऱ्याने शेत विकून तीन मजली बिल्डिंग बांधली, तिच्यात विनायकराव आणि आम्ही शेजारी-शेजारी भाडेकरू. ब्याण्णव साली साहेबांनी मुंबईला जाऊन हातावर निरनिराळे थेंब टोचून घेतले. दहापैकी सात टोचण्या फुगल्या. रक्तात आयजीई म्हणून काहीतरी मोजतात, ते निघालं चौदाशे. चांगल्या माणसाचं शंभराच्या आत असतं म्हणे. पोराचा बोर्डात नंबर आला असता तरी गृहस्थ इतका फुलला नसता.

रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लग्नकार्यातसुद्धा बरोबर. आमच्याकडे मिरची तडतडली की भिंतीवर थाप. त्यांच्या बायकोने, सुमतीवहिनींनी, गजरा सोडला, उदबत्ती सोडली, रोज गाद्या उन्हात टाकून बाईंची कंबर गेली. आणि एवढं करून साहेबांना व्हायचं काय? शिंका! फार तर नाक गळायचं. पण अख्खी बिल्डिंग त्या नाकाच्या तालावर चालायची. जगनची आई हौसाबाई तर त्यांना या विषयातला डॉक्टरच समजायची.

तिची सून, जगनची बायको चंद्रावती, ओवे गावची. आगऱ्याच्या घरात येऊन कोळंबी खात नाही म्हणते म्हणजे नखरेल, असा निकाल लग्नाच्या पहिल्याच महिन्यात लागला होता. लहानपणी कोळंबी खाऊन तिचा घसा आवळला होता, पण सुनेच्या घशाचं कोण ऐकतं? पुढे एकदा कोळंबीच्या कालवणाच्या नुसत्या रश्शाने तिचे ओठ सुजले, तेव्हा जगनने तिचीही तीच तपासणी करून आणली. एकच टोचणी फुगली, कोळंबीची. आयजीई नव्वद. डॉक्टरांनी बजावलं, कोळंबीला तोंडसुद्धा लावायचं नाही. हौसाबाईने तो कागद उचलला आणि थेट विनायकरावांकडे आणला. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो.

साहेबांनी चष्मा लावून कागद वाचला आणि चक्क हसले. "नव्वद? अहो, ही नॉर्मल आहे! एकच तर फुगलीय. माझे चौदाशे, तरी मी रोज ऑफिसला जातो. थोडं थोडं पोटात जाऊ द्या, सवय होईल."

चंद्रावती दारात उभी होती. "मना श्वास घेता येत नाय, साहेब," ती म्हणाली. "आमी खोटं कशाला बोलू?"

"मनाचे खेळ असतात हे," असं म्हणून साहेब शिंकले.

मी म्हटलं, अहो, डॉक्टर काय म्हणाले ते ऐका की. तर माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की ज्याला एकही अ‍ॅलर्जी नाही त्याने मध्ये तोंड घालूच नये.

चारच दिवसांनी हौसाबाईने वांग्याच्या भाजीत सुकी कोळंबी कुटून घातली आणि कुणाला सांगितलं नाही. सुनेची खोड मोडायची होती ना! दुसऱ्या घासाला चंद्रावती ताटावरून उठली आणि मोरीपाशी कोसळली. तोंड सुजून डोळे मिटले, आवाज बंद. जगनने तिला टेंपोत घालून पनवेलला नेलं. पोचेपर्यंत ती निळी पडली होती. इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला, कशीबशी वाचली. आकडा तर नव्वदच होता, असं हौसाबाई म्हणाली तशी डॉक्टर तिच्यावर कडाडले, "आकडा केवढा न् किती गोष्टींची अ‍ॅलर्जी, यावर माणूस मरत नाही, बाई. मरायला एकच अ‍ॅलर्जी पुरते!"

विनायकराव नाकाला रुमाल लावून भेटायला आले. "नव्वदला इतकं व्हायला नको होतं," म्हणाले. जणू पोरीनेच काही आगळीक केली होती. मला त्या माणसाची किळस आली.

घरी आल्यावर चंद्रावती कुणाशी भांडली नाही. तिने मागच्या पडवीत वेगळा स्टोव्ह मांडला. हौसाबाई दोन्ही वेळा ताट वाढून हाक मारायची, "ये गो, नुसता वरण-भात हाय. देवाशपथ, काय नाय घातला."

चंद्रावती आपल्या पातेल्यातला भात कालवत राहायची. "तुमी जेवा, आई," ती म्हणायची. "मना जगायचं हाय."