या, बसा, चहा घेणार?

आमच्या बदलापूरच्या सेंटरच्या दारात चपला साठतात, तसे माझ्याकडे किस्से साठतात. ऑटिझम असलेल्या मुलांची मी स्पीच थेरपिस्ट. मुलं एक वेळ परवडली, मोठी माणसं नकोत!

*

मूल झालं तेव्हाचं आईवडिलांचं वय आम्ही सुरुवातीलाच विचारतो. उल्हासनगरचे एक जीन्सवाले शेठ, केस काळेकुळकुळीत रंगवलेले, म्हणाले, "माझं कशाला? बाळंतपण तर हिचं झालं!"

*

एक सासूबाई सुनेवर घसरल्या. "नोकरी नोकरी करत उशिरा लग्न केलं, त्याचं हे फळ!"

मी म्हटलं, "मावशी, वाढत्या वयाने शक्यता जराशी वाढते, पण बापाच्याही वयाने. आणि कारण काही तेवढंच नसतं. तुमचा मुलगा हिच्याहून किती मोठा?"

मुलाला लगेच बाईक सावलीत लावायची आठवण झाली.

*

बाकावर सगळे मुलगेच बघून एका बाबांनी विचारलं, "मॅडम, लेडीज बॅच कधी असते?"

हसू नका! मुलींमध्ये हे कमी दिसतं, आणि असलं तरी लवकर लक्षात येत नाही. गप्प बसणारी मुलगी सगळ्यांनाच आवडते. मला भयंकर राग येतो याचा.

*

सहा वर्षांची ओवी अंबरनाथहून यायची. आई कंपनीत कामाला, त्यामुळे तिला आणायच्या आजी. त्यांनी आणलं नाही, तर सगळंच बंद. एक दिवस दारातच म्हणाल्या, "मॅडम, आज शेवटचं. पोर गुणाची आहे आमची. पाहुणा आला की कशी विचारपूस करते! मुलीच्या जातीला उगाच शिक्का नको."

आजी थेरपी बंद करणार म्हणून ओवीची आई आदल्या दिवशीच फोनवर रडली होती. मी आजींना आणि ओवीला आत बसवलं, बाहेर गेले आणि पाहुण्यासारखं दार वाजवलं.

"या, बसा. चहा घेणार?" ओवी म्हणाली. आजी खूश!

"ओवी, माझं पोट खूप दुखतंय गं."

"साखर किती?"

आजी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. उठून स्वतः बाहेर गेल्या आणि दार वाजवून आत आल्या.

"ओवी, बाळा, आजी पडली गं. लागलंय मला."

"या, बसा. चहा घेणार?"

आजी बसल्या. ओवीच्या दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या होत्या. आजींनी त्यातली एक हातात घेऊन हळूच उघडली.

"साखर किती?"

"एक चमचा," आजी म्हणाल्या. मग मला विचारलं, "परवा हिला किती वाजता आणू?"