आई शेवटी बोलायची

आमच्या शेजारची मुलगी घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात आहे. पण तिकडे जायचं नसतं, घरी बसून, लॅपटॉपसमोर, ती कुठल्या कुठल्या गावच्या लोकांना काहीबाही शिकवते. समोर चेहरा एकही नाही. परवा तिने मला एक आलेख दाखवला. बोलायला सुरुवात केली तेव्हा किती लोक होते आणि कुठल्या वाक्याला किती जण उठून गेले, सगळं त्यात दिसतं म्हणे. "काकू, हे बघा, इथे सगळे पळाले," म्हणाली आणि रडवेली झाली. न दिसणाऱ्या माणसांना धरून कसं ठेवायचं, याचा तिने कोर्सही केलाय. मी म्हटलं, बाई गं, मला नको शिकवू. ऐकणारा कुठल्या वाक्याला उठून गेला ते आम्हाला वर्तकनगरात तेव्हाही कळायचं. कळून काडीचा उपयोग झाला नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा दादा एसीचा मेकॅनिक म्हणून गल्फला गेलेला. बाबांच्या कंपनीला टाळं लागलेलं, त्यामुळे घर दादावर चालायचं, आणि हे बाबांना इतकं लागायचं की त्यांच्यासमोर कुणी ते बोलायचं नाही. पहिल्या सुट्टीत दादाने टू-इन-वन आणला, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र. आईने त्याला क्रोशाचा रुमाल विणला आणि देवाच्या शेजारी ठेवला. जाताना दादा म्हणाला, पत्र लिहीत बसू नका, कॅसेट भरून पाठवा. तिकडे कामगारांच्या कॅम्पात फोन नव्हता. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाचं घर डोंबिवलीत होतं. त्यांच्याकडे सारखं कुणीतरी गल्फला जाणारं-येणारं असायचं. मी डोंबिवलीला जाऊन त्या घरच्या वहिनींच्या हातात कॅसेट द्यायची. तिकडून कुणी आलं की तीच कॅसेट साबणाच्या वड्यांबरोबर रिकाम्या डब्यासारखी परत यायची, पुन्हा भरायला. परदेशी कॅसेट चांगली, तिची टेप यंत्रात गुंतत नाही, म्हणून ती टाकायची नाही. तिच्यावरच पुन्हा भरायचं, आधीचं पुसायचं.

भरण्याचा एक क्रम ठरून गेलेला. आधी बाबा, मग मी, मग कुणी आलं-गेलं असेल तर ते, आणि सगळ्यात शेवटी आई. का म्हणून विचाराल, तर आई जेवायलाही शेवटीच बसायची. सगळ्यांचं आटोपल्यावर, भांड्याला काय उरलंय ते बघून. कॅसेटलाही तसंच. "तुमचं होऊ दे, उरली तर मी बोलते." मग हात पुसत यायची, डोक्यावरून पदर घ्यायची, कारण तिकडे मुलाच्या खोलीतली परकी माणसंही ऐकणार, आणि घसा खाकरून मला विचारायची, "चालू आहे का गं?" मी म्हणायचे, "हो, बोल." हे दोन्ही टेपवर यायचं. किती वेळा सांगितलं की लाल दिवा बघ, विचारू नकोस. पण विचारल्याशिवाय तिला बोलताच यायचं नाही.

पहिलं वर्षभर दादा दुसऱ्या बाजूला उत्तर भरून पाठवायचा. मग नुसती कोरी बाजू यायला लागली आणि पिशवीत एक चिठ्ठी, की कॅसेट ऐकली, आनंद झाला, वेळ मिळत नाही.

एकदा परत आलेली कॅसेट पुन्हा भरायला घेतली. उलटी फिरवण्याआधी सहज बटण दाबलं, तर मधूनच माझा आवाज आला. "हो, बोल." आणि मग आई, "बरा आहेस ना रे बाळा?" आम्ही कॅसेट नेहमी पहिल्यापर्यंत उलटी फिरवून पाठवायचो. म्हणजे दादाने इथपर्यंत ऐकली आणि बंद केली. आईचं बोलणं सुरूच व्हायचं होतं. ते तर अख्खं पुढे पडलेलं.

मी खापर बाबांवर फोडलं. बाबा बोलायचे म्हणजे सोसायटीच्या सभेत बोलल्यासारखे. पाण्याची टाकी, सेक्रेटरीचा नालायकपणा, कंपनीचं कोर्टात काय चाललंय, सगळं सविस्तर. "सारांश असा की" म्हणून पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या पोटच्या पोरानेही किती ऐकायचं? तो कंटाळून झोपला असणार, असं मी धरून चालले. आणि पुढच्या कॅसेटला मी सूत्रं हातात घेतली.

काय काय केलं नाही मी. बाबांना सांगितलं, पाच मिनिटं, बास. ते चिडले, म्हणाले, तू मला शिकवू नकोस, आणि साडेचार मिनिटांत रुसून उठले, ते बरंच झालं. मग मी खालच्या पोरांचं क्रिकेट खिडकीतून भरलं. माशांच्या फोडी तळताना तव्याशी टेपरेकॉर्डर धरला, तर आई ओरडली, तेल उडेल त्याच्यावर. चेंदणीहून आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी होती, दादाला लहानपणापासून ओळखणारी. तिला दारातच पकडलं. ती यंत्राला तोंड लावून म्हणाली, "काय रं बाला, कवा येतंस? तुजी आई पापलेट घेतच नाय आता, बोलते कोन खानार? माजा धंदा बसवलास तू." आम्ही हसून लोळलो. मग शेवटी आई. पदर, खाकरणं, चालू आहे का गं, हो, बोल.

ती कॅसेट गेली आणि मी वाट बघत राहिले. वेडीच होते, मला आपलं वाटत होतं की आता तिकडे खोलीतले सगळे जमून ऐकत असतील. दोन-अडीच महिन्यांनी परत आली. घरात कुणी नसताना बटण दाबलं.

"हो, बोल."

म्हणजे बाबा ऐकले, क्रिकेट ऐकलं, तळणं ऐकलं, मावशी ऐकली. आणि नेमकं तिथे बंद. त्या दिवशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कंटाळा बाबांचा नव्हता. माझ्या भावाला आईचा कंटाळा आलेला. जेवलास का, उन्हात फिरू नकोस, तेल लावतोस का डोक्याला, हेच ती दर वेळी बोलायची, हे खरं. म्हणून काय बंद करायचं?

आणि नेमकं तेव्हा आईच्या बोलण्यात नवीन काही आलेलं, जे त्याने ऐकायलाच हवं होतं. तिच्या पोटात गाठ निघालेली. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, मला बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि आईला आम्हा दोघांवरून. बाबांनी बजावलं, त्याला कळवायचं नाही. पासपोर्ट तिकडे मालकाच्या ताब्यात, हा आकांत करून निघेल, नोकरी जाईल, मग काय खायचं? आईने मान डोलावली. पण बाबा दूध आणायला गेले की ती बोलायची. टेपच्या शेवटी, आवाज खाली आणून. "तब्येत थोडी नरम आहे रे. घाबरू नकोस. पण जमलं तर एकदा येऊन जा. मला बघायचंय तुला."

मी म्हटलं, मी लिहिते त्याला. ती एकदम कडक झाली. "आजारपण पत्रात लिहितात का? परमुलखात वाचून पोरगं हबकेल. माझ्या आवाजात ऐकलं की नाही घाबरणार." स्वतःची शपथ घातली तिने मला. त्यावर काय करणार? मी चिठ्ठीत एवढंच लिहिलं, की कॅसेट पूर्ण ऐक, शेवटी आई बोलली आहे. त्याचं उत्तर आलं, पूर्ण ऐकली, सगळे मजेत आहात हे ऐकून बरं वाटलं.

मजेत!

पुढच्या वेळेला मी आईलाच धडे द्यायला बसले. म्हटलं, आई, तेच तेच नको बोलूस. ऐकणाऱ्याला काहीतरी नवीन पाहिजे. हसवायचं, पुढे काय होणार असं वाटायला लावायचं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "कंटाळतो का तो?" मी म्हटलं, तसं नाही गं. पण तिला ते लागलंच. दोन दिवस भाजी निवडताना तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवत होती. आणि भरायच्या दिवशी तिने काय सांगावं, तर दादा चार वर्षांचा असताना उपवनच्या तळ्यात त्याची चड्डी वाहून गेली आणि तिने त्याला पदरात गुंडाळून कसा आणला, ते. मध्ये थांबून थांबून, मला बघून, मी हसते का ते बघून. पोटाला हात लावून सांगत होती. एवढं सुंदर बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. शेवटी तेच, एकदा येऊन जा.

कॅसेट परत आली. "हो, बोल."

त्याने न ऐकलेली आई मी पुसायची आणि तिच्यावर नवी आई भरायची, असं ते चाललेलं. आई विचारायची, "काय म्हणाला?" मी म्हणायचे, आवडली म्हणाला. मग ती हळूच विचारायची, "आणि येण्याचं?" त्याला मी काय उत्तर देणार होते? त्याने ऐकलंच नाही म्हणावं, तर मुलगा आपला आवाज बंद करतो हे तिला कळणार. येत नाही म्हणाला म्हणावं, तर ऐकूनही येत नाही, असं होणार. मी म्हणायचे, सुट्टी मिळत नसेल. ती म्हणायची, "हो, परक्याची नोकरी." आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

शेवटची कॅसेट भरली तेव्हा तिला बसवत नव्हतं. मी बाबांना बाहेर पाठवलं. म्हटलं, आज कुणी नाही, तूच बोल, अख्खी बाजू तुझी. तिला कसंसंच झालं. आयुष्यात पहिल्यांदा तिला पहिलं ताट मिळालेलं. उशाशी टेपरेकॉर्डर ठेवला, तिने पडल्या पडल्याच पदर ओढला, खाकरली. चालू आहे का गं? हो, बोल. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले, म्हणजे मला ऐकू यायला नको. काय बोलली मला माहीत नाही. पण बाजू संपून बटण खाडकन उडालं तेव्हाही ती बोलत होती.

ती कॅसेट मी डोंबिवलीला देऊन आले. त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. अगदी शेवटी मी शपथ मोडून तार केली. तार पोचून, मालक पासपोर्ट देऊन दादा निघेपर्यंत इकडे सगळं झालेलं. तो आला तेव्हा बाबा टक्कल करून गॅलरीत बसलेले. दादाच्या हातात साबणांची पिशवी होती. सवयीने आणलेली.

तेरावं झाल्यावर, दुपारी, त्याने बॅग उघडली. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "हिच्यात आईचा आवाज आहे. लावू या?" मी कॅसेट बघितली. सगळी टेप एकाच चकतीला, जवळजवळ पाठवली तशीच.

मी म्हटलं, "तू एकही पूर्ण ऐकली नाहीस. मला सगळं कळायचं. कुठे बंद केलीस ते."

तो खाली बसला. मग म्हणाला, "तिचं ते 'चालू आहे का गं' आलं ना, की मला पुढे ऐकवायचं नाही गं. सगळे आजूबाजूला. रडायला लागलो तर सकाळी कामावर उभं राहता येणार नाही, असं वाटायचं. म्हणून तेवढंच ऐकायचो आणि बंद करायचो. तेवढ्यासाठी तर लावायचो. बाकी तुम्ही काय बोलायचात तिकडे माझं लक्षही नसायचं."

म्हणजे माझं क्रिकेट, माझी मावशी, सगळं फुकट. आणि मी माझ्या आईला, मरायला टेकलेल्या आईला, मजेदार बोल म्हणून सांगितलेलं.

"तिने तुला बोलावलेलं," मी म्हटलं. "दर कॅसेटमध्ये. तिला वाटत होतं तू ऐकतोस. ऐकून येत नाहीस. तसंच समजून गेली ती."

मला बोलायचं नव्हतं ते. पण राग राग आलेला, आणि खरं तेच होतं. तो उठला, क्रोशाचा रुमाल बाजूला केला आणि कॅसेट पहिल्यापर्यंत फिरवून लावली.

घसा खाकरल्याचा आवाज आला. "चालू आहे का गं?"

दादाने बटण दाबलं.

"अरे, आता तरी ऐक," मी म्हटलं.

"आता ऐकून काय करू?" तो म्हणाला.

तो परत गेला. कॅसेट इथेच ठेवून गेला. टू-इन-वन कधीच बिघडला, तो भंगारात गेला, आणि आता ती वाजवायला कुणाकडे यंत्र नाही. शेजारची मुलगी म्हणाली, काकू, द्या, मी कंप्युटरवर घेऊन देते, अजून निघेल आवाज. मी नको म्हटलं. कपाटात साड्यांखाली ठेवली आहे, त्याने थांबवली तिथेच. पुढे माझं "हो, बोल" आहे.